टिकीच्या कपाळावरची भेग

प्रश्न : ताई, मी ५९ वर्षांचा. सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली, मागच्या वर्षी निवृत्त झालो. राहायला सिडकोत. निवृत्तीनंतर तीन महिने मुलीकडे कॅलिफोर्नियाला होतो. तिच्या शेजाऱ्याने मागच्या अंगणात पामच्या ओंडक्यातून कोरलेले दात विचकणारे पुतळे उभे केले होते. त्यांना टिकी म्हणतात. त्याने माझ्या हातात पटाशी दिली आणि मला वेडच लागलं. परत आल्यावर तीन केले. पहिला नारळाच्या खोडाचा, त्याचे नुसते दोरे निघाले. दुसरा आंब्याचा, झकास झाला होता, पण एप्रिलमध्ये एका रात्रीत कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटला. तिसरा जुन्या सागवानाचा, त्यात दर दहा मिनिटांनी धार जाते. बायको म्हणते, हे म्हसोबाचं तोंड दाराकडे नको, घरात कटकटी होतात. आता गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टवाल्याने स्विमिंग पूलजवळच्या बारसाठी दहा पीस मागितलेत, वीस दिवसांत. ऑर्डर घेऊ का? आणि मुख्य म्हणजे भेगा का पडतात?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर :

भाऊ, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा हसले आणि मग मला माझा एक जुना गणपती आठवला. पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर मी आंब्याच्या ओंडक्यातून गणपती काढला होता. तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचे, सुतारकाम आजोबांच्या मांडीवर बसून बघितलेलं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माज होता. चैत्रातल्या एका दुपारी ‘टक्’ असा आवाज झाला. जाऊन बघते तर सोंडेपासून पोटापर्यंत बोट जाईल एवढी फट. भंगलेला देव घरात नको म्हणून आईने त्याच संध्याकाळी तो गोदावरीत सोडायला लावला. महिन्याभराचं काम पाच मिनिटांत पाण्यात गेलं. तुमच्या टिकीला निदान तो नियम नाही, तेव्हा तो फाटलेला आंबा टाकू नका. त्याच्याकडे परत येते.

आधी भेगेचं बघू. तुमचा जन्म पोलादात गेला. पोलाद तापलं की चहूकडून सारखं वाढतं, निवलं की सारखं आखडतं, आणि किती ते तुम्हाला तक्त्यात बघून सांगता येतं. लाकडाचं तसं नाही. ताज्या तोडलेल्या ओंडक्यात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. ते सुकताना लाकूड उभ्या लांबीत जवळजवळ आखडतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आखडतं, आणि वर्तुळांच्या बाजूने, म्हणजे घेराने, त्याच्या साधारण दुप्पट. शिवाय बाहेरचा थर आधी सुकतो, पोट ओलंच राहतं. थोडक्यात, कमरेचा पट्टा रोज एक भोक आवळला जातोय आणि पोट काही कमी होत नाहीये. पट्टा कुठेतरी तुटणारच. तुटतो कुठे? जिथे तुम्ही खोल कापून तो आधीच बारीक केलाय तिथे, म्हणजे नेमका भुवयांमधून आणि नाकाच्या कडेने. त्यात आपल्याकडचा एप्रिल. दुपारी वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते, तिथे ओंडक्याचं काय होणार?

मग लाकूड आधी वाळवून घ्यावं म्हणाल. फळी वाळवायचा सुतारांचा ढोबळ हिशोब इंचाला एक वर्ष असा आहे. आठ इंची गोल ओंडका घेऊन वाट बघत बसलात तर टिकी नातवंडाच्या लग्नात तयार होईल, आणि एवढं करून गाभा आत असेल तर फाटायचा तो फाटेलच. म्हणून ओलंच कोरायचं. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, मनगटही वाचतं. फक्त समोरचा चेहरा ढोबळ निघाला की पुतळा पालथा घालायचा आणि पाठीतून गाभा काढून टाकायचा, अगदी पन्हळीसारखा. बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जाडी राहिली तरी बस्स. गाभाच गेला म्हणजे आवळायला पोटच उरलं नाही. पुढून पुतळा, मागून पन्हळ. भिंतीला टेकवून ठेवला तर कोणाला दिसणार आहे?

एवढं पोखरायचा कंटाळा असेल तर दुसरी युक्ती आहे. पाठीवर डोक्यापासून पायापर्यंत करवतीने एक उभा काप द्या, थेट गाभ्यापर्यंत. फाटायचंच असेल तर लाकूड तिथे फाटतं. काप हळूहळू रुंद होत जातो आणि चेहरा शाबूत राहतो. ही युक्ती मला आधी माहीत असती तर तो गणपती आज माझ्या देव्हाऱ्यात असता.

ओंडक्याच्या दोन्ही टोकांतून पाणी सगळ्यांत भराभर जातं. लाकूड घरी आणल्या आणल्या तिथे वितळवलेली मेणबत्ती फासा, नाहीतर फेव्हिकॉलचे दोन जाड हात द्या. रोजचं काम थांबवताना ओल्या पोत्यात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी घाला. पावसाळ्यात मात्र ती पिशवी नको, चार दिवसांत बुरशीची दाढी येते. काम पूर्ण झाल्यावर दोन-तीन महिने सावलीत, पंख्यापासून आणि पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा. घाईने उन्हात वाळवलेला पुतळा आणि घाईने उन्हात वाळवलेले पापड, दोघंही वाकडेच होतात.

आता तो आंबा. भेग अजून रुंदावेल, मग थांबेल. पावसाळ्यात ती मिटल्यासारखी दिसेल. तेव्हा हुरळून तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका, हिवाळ्यात ती पुन्हा उघडते आणि लांबीचा पोपडा नाकावर लोंबतो. संक्रांतीच्या सुमाराला, लाकूड कोरडं असताना, आंब्याचीच एक पातळ पाचर तासून भेगेत बसवा. गोंद पाचरीच्या एकाच बाजूला लावा, म्हणजे लाकडाला हलायला वाव राहतो. पाचर दिसेल. दिसू दे. टिकीच्या कपाळावर एक जुनी जखम शोभूनच दिसते.

आंब्याची दुसरी खोड म्हणजे घुण. पुतळ्याखाली रोज सकाळी पिठासारखा भुसा दिसायला लागला की समजा, कोणीतरी आत राहायला आलंय. साल आधी पूर्ण सोलून काढा, किड्यांना तिथेच आसरा मिळतो. मग टाकणखार आणि बोरिक पावडर दीडास एक या मापाने गरम पाण्यात विरघळवून ओल्या लाकडालाच दोन-तीनदा पाजा. तेल किंवा पॉलिश लावल्यानंतर ते आत शिरत नाही, म्हणून हे काम त्याआधीचं. पाणी आणि ब्रश नातवंडांच्या हाती लागू देऊ नका.

नारळाने तुमचा घात केला, कारण ते आपल्या नेहमीच्या अर्थाने लाकूडच नाही. नारळ, ताड, शिंदी ही गवताच्या भावकीतली झाडं. त्यांच्या खोडात वर्षाची वर्तुळं नसतात, उभे दोरे आणि त्यांच्यामध्ये भुसभुशीत गर असतो. बाहेरचा दोन-तीन बोटं थर लोखंड, आतला स्पंज. तुमच्या मुलीचा शेजारी पाम कोरतो, कारण तिकडे अंगणातले पाम तोडले की ओंडके घरबसल्या मिळतात. शिवाय तो पटाशीने पापण्या काढत बसत नसणार. साखळीची करवत, ग्राइंडर, जाडी कानस आणि हात जाईल एवढे खड्डे, असं ते काम असतं. अमेरिकी टिकीचं ते रांगडं रूप निम्मं त्या खोडानेच ठरवलंय. तुमच्या टूलरूमच्या हाताला ती शैली झेपायची नाही. तुम्हाला कडा स्वच्छ लागतात, हे तुमच्या अक्षरावरूनच कळलं.

सागवानाबद्दल तुम्ही स्वतःला उगाच दोष देताय. सागात मुळातच सिलिका असतो, बारीक वाळूच म्हणा ना. तो पटाशीची धार खातो. त्यात तुमचा तुकडा कुठल्यातरी पाडलेल्या वाड्याचा असणार. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा वाडा बसतो आणि त्याच्या तुळया वखारीत येऊन पडतात. ते लाकूड पिढ्यान्‌पिढ्या सुकलेलं, त्यामुळे भेगेची भीती नाही, पण कडक आणि ठिसूळ. त्यावर लोहचुंबक फिरवल्याशिवाय पटाशी लावू नका, आत तुटलेले खिळे असतात. जुना तैलरंग असेल तर घासून त्याची धूळ करू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं. सागाची धूळ काहींच्या घशाला आणि कातडीलाही खाजवते, तेव्हा मास्क हवाच.

माझं ऐकाल तर शिवण घ्या. वखारीत ‘शिवण आहे का’ एवढंच विचारा. हलकी, फिकट पिवळी, रेषा बरीचशी सरळ, पटाशीखाली कुरकुर करत नाही आणि सुकताना फार तमाशा करत नाही. सराव करायला तर पैसे खर्चायचीही गरज नाही. पावसाळ्याच्या तोंडावर महावितरणची माणसं तारांखालच्या फांद्या छाटतात, तेव्हा मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या फांद्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात. विचारून उचला. अंबडला यंत्रांच्या खोक्यांचं पाइन भंगारवाल्याकडे मिळतं. त्यावर परदेशी शिक्का असेल तर अक्षरं बघा. एच-टी म्हणजे नुसतं तापवलेलं, ते घ्या. एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते घरात नको. निफाड-दिंडोरीकडे कोणी ओळखीचं बाग मोडत असेल तर द्राक्षाची जुनी खोडं मागून आणा. वेडीवाकडी, पीळ पडलेली खोडं असतात ती, त्यांत वीतभर उंचीचे चेहरे आधीच दडलेले असतात. वर्षानुवर्षं फवारलेलं सगळं त्यांच्या सालीवर बसलेलं असतं, म्हणून साल अंगणात ओली करून, मास्क लावून काढा. अख्खं उभं झाड मात्र कोणी ‘काका, रात्रीत आणून देतो’ म्हणालं तर हात जोडा. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. लाकूड कुठून आलं हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये.

हत्यारांवर तुम्हाला मी काय सांगावं? सव्वीस प्रकारच्या पटाश्यांचा संच मागवला असेल तर परत करा. एक इंची सपाट पटाशी, एक अर्ध्या इंचाची, दोन गोल पटाश्या, लाकडी मोगरी, करवत. जुन्या कानशीपासून गोल पटाशी करायचं तुमच्या डोक्यात एव्हाना आलंच असेल. करा, फक्त पाणी दिल्यावर दोनशे अंशांच्या आसपास तापवून ताठरपणा उतरवायला विसरू नका. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं. एक मात्र सांगते. तुम्ही मायक्रॉनचे, सुतार सुताचा. नाक दोन सूत, म्हणजे पाव इंच, डावीकडे गेलं तर पुतळा रिजेक्ट होत नाही. उलट दोन्ही डोळे व्हर्नियर लावून सारखे केलेत तर चेहरा मेलेला दिसतो.

आणि रेषा बघायला शिका. मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं आहे. सुलट दिशेने पटाशी गेली की ढलपी गुंडाळत येते, उलट गेली की लाकूड उखडून येतं. नाकाच्या शेंड्यावर दिशा बदलते, तिथे वरून खाली आणि खालून वर अशा दोन्ही बाजूंनी नाकापासून दूर जात कापायचं. सगळे नवशिके डोळ्यांपासून सुरुवात करतात. तसं करू नका. नाक सगळ्यांत उंच, त्याच्यामागे भुवया आणि ओठ, डोळे सगळ्यांत शेवटी. आधी मधोमध उभी रेघ मारा. भुवईखाली आणि नाकाखाली करवतीने आडवे थांबे द्या, हव्या त्या खोलीपर्यंत. मग ढलपी तिथपर्यंत येऊन थांबते, नाक उडत नाही. टिकीत डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, उंचीच्या तिसऱ्या हिश्शापासून पार निम्म्यापर्यंत. गुडघे वाकलेले, हात पोटावर. ते वाकलेले गुडघे विसरलात तर पुतळा टिकी दिसत नाही, पोस्टाच्या रांगेत उभा असलेला माणूस दिसतो.

तुमच्यासारख्या माणसाला एक गोष्ट आवडेल. युरोपातलं लोखंड पोचण्याआधी पॅसिफिकमधले लोक हे सगळं दगडी वाकसाने तासायचे. हवाईत मौना केआ नावाच्या ज्वालामुखीच्या माथ्याजवळ, बर्फ पडतो एवढ्या उंचीवर, त्या वाकसांच्या दगडाची खाण होती. दगड कुठला? बसाल्ट. आपल्या पांडवलेणीच्या डोंगराची जात. आपल्या लोकांनी लोखंडी छिन्नीने बसाल्ट कोरला आणि चैत्याच्या दर्शनी भागात लाकडी कमानीची हुबेहूब नक्कल केली. तिकडच्या लोकांनी बसाल्टनेच लाकूड कोरलं.

आता तुमच्या ऑर्डरीकडे येते. इथे मी जरा वेळ घेणार आहे.

टिकी हा शब्द न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा आणि पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांवरच्या लोकांचा. माओरींच्या कथांत टिकी हा पहिला माणूस. हवाईत अशा मूर्तींना किई म्हणतात. त्या शोभेच्या वस्तू नव्हत्या. कू, काने, लोनो, कानालोआ असे देव होते, त्यांची देवळं होती, पुजारी होते, सोवळंओवळं होतं. १८१९ मध्ये हवाईच्या राजघराण्यानेच तो जुना धर्म मोडला, देवळं पाडली, मूर्ती जाळल्या. कू देवाच्या त्या भव्य मूर्तींपैकी तीनच आज जगात आहेत. एक होनोलुलूत, एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एक अमेरिकेत सेलमच्या संग्रहालयात. २०१० मध्ये या तिघी होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये काही महिने शेजारी शेजारी उभ्या होत्या. सेलमची मूर्ती नीरफणसाच्या लाकडाची आहे. कोकणात ज्याच्या कापा तळतो त्या नीरफणसाची. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो फोटो बराच वेळ बघत बसले होते.

हा झाला एक टिकी. तुम्ही बघितलात तो दुसरा. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्या सुमाराला अर्नेस्ट गँट नावाच्या माणसाने हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार काढला. बांबू, करवंट्या, रम आणि बेटांचं वातावरण. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढलेले सैनिक घरी परतले, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, आणि अंगणाअंगणात टिकी उभे राहिले. देवाच्या तोंडाचे चिनी मातीचे मग निघाले. डोक्यातून रम ओतायची, स्ट्रॉ खोचायचा. अजूनही मिळतात.

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. लॉस एंजेलिसमधला एक बार. काउंटरवर चिनी मातीचे काळे पेले, कर कटावर ठेवून उभे. विठोबा. वरून दारू, कडेला अननसाची फोड. बारवाला मनाने चांगला आहे, त्याला आपली संस्कृती फार आवडते. तुम्ही तिथे बसून तो पेला तोंडाला लावाल का? मी नाही लावणार. आपल्याला सुरगाण्या-पेठेकडचा लाकडी वाघदेव माहिती आहे. खांबावर वाघ, वर चंद्र-सूर्य. तो उपटून कोणी हॉटेलच्या लॉनवर लावला तर तिथल्या माणसांना जे वाटेल, ते हवाईतल्या माणसाला पूलसाइड बारमधला कू बघून वाटत असणार. तिकडचे लोक आता ते मोठ्याने बोलतातही.

म्हणून घरी, स्वतःच्या हाताला वळण लावायला टिकी कोरताय, त्यात मला काही वावगं दिसत नाही. परक्या कलेची नक्कल करूनच हात तयार होतो. कोणी विचारलं तर हा कुठल्या लोकांचा, कुठल्या देवाचा, हे सांगता यावं, एवढं करा. म्युझियममधली ठरावीक मूर्ती जशीच्या तशी उतरवू नका, आणि माओरी चेहऱ्यावरचं गोंदण तर अजिबात नको. ते गोंदण म्हणजे त्या माणसाची वंशावळ असते. दुसऱ्याची कुंडली आपल्या ओंडक्यावर कशाला? पण बारसाठी दहा? नको.

रिसॉर्टवाल्याला तोंडावर नाही म्हणायचं नसेल तर त्याला घेऊन एका सकाळी पांडवलेणी चढा. तीन नंबरच्या लेण्यासमोर उभे राहा आणि खाली बघा. अख्ख्या लेण्याच्या तुळया सहा जाडजूड गणांनी खांद्यावर घेतल्यात. डोकी आणि खांदे तेवढे जमिनीवर, बाकी धड जणू मातीत. नाशकाचाच माल, कोणाच्या देव्हाऱ्यातला देव नाही, आणि पेलायचं काम तर त्यांना जन्मापासूनच दिलंय. शिवणीच्या ओंडक्यात तो गण काय दिसेल! पूलच्या कडेला छत खांद्यावर घेऊन उभे असे चार गण करून द्या, सवडीने. आपल्याकडच्या बोहाड्याचे, म्हणजे आदिवासी गावांतल्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे बघायलाही जा, तोंड कसं फाकवायचं आणि डोळा कसा बटबटीत करायचा हे त्यात शिकायला मिळतं. पण तेही देवांची सोंगं आहेत, त्यांचीही बारसाठी नक्कल नको.

आणि वीस दिवसांत दहा? भाऊ, तुम्ही पत्रात सुरुवातीला ‘पुतळे’ म्हणालात, ऑर्डरीपाशी आल्यावर त्यांचे ‘पीस’ झाले. ३१ वर्षं डिस्पॅचच्या तारखा पाळल्यात. ओलं लाकूड वीस दिवसांत दहा जागी फाटेल, ती भरपाई तुम्हीच द्याल, आणि त्यानंतर पटाशी हातात घ्यावीशी वाटणार नाही. पुढे कधी पैसे घेऊन काम करायचंच झालं तर एका वेळी एक, निम्मी रक्कम आधी, आणि ‘लाकडाला बारीक भेगा पडू शकतात’ हे बिलावर लिहून.

वहिनींचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. एक तर म्हसोबाला बहुतेक ठिकाणी तोंडच नसतं, शेंदूर फासलेला दगड असतो. तेव्हा त्यांना म्हसोबा दिसला नसून काहीतरी भयंकर दिसलंय, आणि ते बरोबर आहे, तो चेहरा भयंकर दिसावा म्हणूनच केलेला असतो. त्यांना एकदा सिन्नरला गोंदेश्वराला घेऊन जा आणि दगडात कोरलेली कीर्तिमुखं दाखवा. वटारलेले डोळे, विचकलेले दात, धड नाहीच. शंकराने सांगितलं म्हणून त्याने स्वतःचंच अंग खाल्लं आणि नुसतं तोंड उरलं, अशी त्याची गोष्ट. आपण आपल्या दारांवर आणि उंबऱ्यांवर भीतिदायक तोंडं शतकानुशतकं बसवत आलोय. नव्या बांधकामावर राक्षसाचा मुखवटा टांगतो तो कशासाठी? पण ही सगळी माहिती जेवताना वाद जिंकायला वापरू नका. दाराकडे तोंड नको म्हणाल्यात ना, मग बाल्कनीत तुळशीपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा. आणि जरा शोधून काढा, कटकटी पुतळ्यामुळे होतात की धुतलेल्या कपड्यांवर बसलेल्या भुशामुळे. माझ्या घरी ती भुशामुळेच व्हायची. काम झाल्यावर झाडू तुम्ही मारा.

आवाजाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सोसायटीत खालचे विचारतीलच. मोगरीचे घाव फरशीतून खाली जातात. एका पोत्यात वाळू भरा आणि ओंडका त्यावर आडवा टाका. आवाज निम्मा होतो आणि गोल ओंडका घरंगळतही नाही. दुपारी दोन ते चार पटाशी बंद. कधीही ओंडका एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पटाशी ढकलू नका. शिकंज्यात पकडा आणि दोन्ही हात धारेच्या मागे.

शेवटचा हात बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, वर मधमाशांचं मेण. काळपट रंग हवा असेल तर गॅसच्या ज्योतीने भाजू नका, बाल्कनीत ते नकोच. गंजलेले खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. लाकडाला आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्या, तो वाळला की ते खिळ्यांचं पाणी. बघता बघता लाकूड काळंभोर होतं. आणि बेलतेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. मी एकदा एक बोळा सुपलीखाली विसरले होते, करपल्याच्या वासाने मध्यरात्री जाग आली. पाण्यात बुडवा, नाहीतर दोरीवर मोकळे पसरून वाळवा.

राहता राहिला नारळाचा तो दोरे निघालेला ओंडका. तो फेकू नका. वर-खाली सपाट कापून घ्या, उभा करा, वर वाळूचं पोतं टाका. कमरेएवढा असला तर तुम्हाला उभ्याने काम करता येईल. गुडघे ५९ वर्षांचे आहेत, ते टिकीचे वाकलेले बरे, तुमचे नकोत.